काचघरातली माणसं

तिला सगळे हंसवाली म्हणायचे. हे नाव तिनं काही कमावलं नव्हतं, ते आपोआप चिकटलं होतं. न्हाणीघराच्या दाराला नक्षीची काच हवी असली की लोक तिच्या दुकानात यायचे, नमुन्यांची वही चाळायचे, वेली बघायचे, गुलाब बघायचे आणि शेवटी बोट ठेवायचे ते दोन हंसांवर. माना एकमेकांकडे वळलेल्या, खाली पाण्याच्या तीन रेघा. वीस वर्षांत तिनं किती हंस काढले याची गणतीच नव्हती. तिचे बाबा म्हणायचे, "या सगळ्यांना एकदम पंख फुटले ना, तर अख्ख्या शहराची न्हाणीघरं उघडी पडतील."

दुकान मूळचं बाबांचं. ती तरुणपणी दोन वर्षं चित्रकलेच्या शाळेत होती. तिसऱ्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, म्हणून ती महिन्याभरासाठी घरी आली. आई गेली चार वर्षांनी. तोवर काच कापायची हिरकणी तिच्या हातात बसली होती आणि बाबांचे हात थरथरायला लागले होते. मग ती राहिलीच. चित्रं काढायचं तिनं सोडलं नव्हतं, ते सुटलं होतं. अधूनमधून ती वही उघडायची, पेन्सिल कागदावर टेकवायची, आणि तिचं लक्ष नसताना हात एक लांब, बाकदार मान काढून मोकळा व्हायचा. मग ती वही मिटायची.

एका सकाळी नर्सरीवाले काका दुकानात आले. शहराच्या टोकाला, टेकडीच्या उतरणीवर त्यांची रोपवाटिका होती. सत्तरीचा किडकिडीत माणूस, खिशात कायम सुतळीचा गुंडा. बोलणं मोजकं, आणि तेही बरंचसं झाडांशी. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं एक काचघर होतं, त्यात नुसते नेचे. नाना तऱ्हेचे, दाट, ओले, हिरवे नेचे.

"सांगाडा गंजलाय," काका म्हणाले. "लोहार घासून रंग देणार आहे. त्याआधी काचा उतरवायच्या, धुवायच्या, मग परत चढवायच्या. त्याच."

"काका, नव्याच घाला की. जुन्या उतरवताना चार-दोन तरी हातात येतील."

"त्याच."

"अहो, पण का?"

काकांनी खिशातली सुतळी चाचपली. "जुन्या काचेतून उजेड मऊ येतो. नेच्यांना सवय आहे त्याची."

"नेच्यांना की नेच्यांच्या मालकाला?" बाबांनी आतून विचारलं. काका हसले नाहीत. उद्यापासून या, एवढंच म्हणाले आणि गेले.

काचघरात पाऊल टाकलं की बाहेरचा आवाज उंबऱ्यावरच थांबायचा. आत पाण्याचे थेंब, ओल्या मातीचा वास, आणि वरून झिरपणारा दुधट उजेड. उन्हाळ्यात झाडं होरपळू नयेत म्हणून काचांना बाहेरून दरवर्षी पातळ चुना मारलेला, थरावर थर. काचा लहान होत्या, दोन वितींच्या, आणि छपरावर कौलांसारख्या बसवलेल्या, वरच्या काचेची कड खालचीवर चढलेली. शिडीवर उभी राहून ती जुनी, दगडासारखी झालेली पुट्टी खरवडून एकेक काच सोडवायची आणि खाली बाबांकडे द्यायची. बाबा ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून, नुकतं जन्मलेलं मूल न्यावं तसे हलक्या पावलांनी गाडीकडे न्यायचे. हात थरथरत होते, पण एकही काच त्यांनी टाकली नाही.

दक्षिणेकडच्या बावीस काचा पहिल्या खेपेला आल्या. दुकानामागच्या पडवीत तिनं मोठं टप भरलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि काचा भिजत घातल्या. वरचा चुना सुटला. आतल्या बाजूला मात्र एक तपकिरी, चिवट साय होती. सत्तर वर्षांचा मळ, दुसरं काय असणार. तिनं पातं घेतलं आणि बावीसच्या बावीस काचा खरवडून लख्ख केल्या. टपातलं चहासारखं पाणी तिनं पडवीतल्या कुंड्यांना घालून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या, वेलीच्या सावलीतल्या काचा आणल्या. जेवण झालं होतं, बाबा आरामखुर्चीत पेंगत होते. तिनं एका काचेचा चुना धुतला, साय काढायला पातं उचललं, तेवढ्यात फोन वाजला. काच तिनं भिंतीकडेच्या काळ्या लोखंडी पेटीला टेकवून ठेवली आणि आत गेली. परत आली तेव्हा ऊन दारातून तिरकं आत आलं होतं आणि काचेत एक बाई उभी होती.

एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा पोटाशी. झग्याचा घोळ थेट जमिनीपर्यंत. चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट ढग, पण केसांचा भांग स्पष्ट, जणू आत्ताच पाडलेला. हंसवालीनं मान जरा हलवली आणि बाई गेली. मान पुन्हा होती तिथं आणली. बाई आली.

"बाबा," ती हळूच म्हणाली. मोठ्यानं बोललं तर बाई दचकेल असं तिला वाटलं. "बाबा, इकडे या."

बाबा डोळे चोळत आले, वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. "फोटो आहे गं हा," ते म्हणाले. "पूर्वी काचेवर काढायचे. उलटा असतो, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मागं काळं काही आलं की सुलटा होतो. तुझी ती साय म्हणजे मळ नाही. तो फोटो आहे."

तिची नजर गेली ती शेजारी रचलेल्या बावीस लख्ख काचांवर. मग कुंड्यांकडे.

"पाणीच ओतलंस ना तू," बाबा म्हणाले. "माणसं नाहीस ओतलीस."

"माणसंच ओतली, बाबा."

  बाबा आत जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आले, अर्धा बशीत सांडलेला, आणि दोघं तो गार होईपर्यंत काचेतल्या बाईसमोर बसून राहिले.

तिला उन्हातच डुलकी लागली. झोपेत तिला टप दिसलं, पण टप नदीएवढं मोठं झालेलं. त्यात घोट्याएवढ्या पाण्यात माणसं रांगेनं उभी होती. पुरुष, बायका, कडेवरची मुलं. कुणाची तक्रार नव्हती, कुणी रडत नव्हतं. फोटो काढून घ्यायला उभी राहतात तशी ताठ, श्वास रोखून. "हलू नका," कुणीतरी सांगत होतं, "जरा वेळ हलू नका." आणि ती माणसं खरंच हलत नव्हती. जाग आली तेव्हा ऊन पायांवरून सरकून गेलं होतं, आणि कितीतरी वर्षांनी तिला चित्र काढावंसं वाटत होतं. काय काढायचं ते मात्र कळत नव्हतं.

सकाळी ती नर्सरीत गेली. छप्पर जागोजागी उघडं पडलं होतं आणि काका नेच्यांवर गोणपाटं पसरत होते.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

काय ते काकांनी विचारलं नाही. गोणपाट नीट केलं, हात झटकले आणि विटांच्या कट्ट्यावर बसले.

"एक फोटोवाला होता," ते म्हणाले. "त्याचं दुकान बंद झालं. काचांची खोकी अंगणात पडली होती, आणि तेव्हा काच मिळायची मारामार. माझे वडील ती गाडीत घालून घेऊन आले. छप्पर झालं. त्या वेळी चुना नव्हता मारत. मी सहा-सात वर्षांचा असेन. या कट्ट्यावर उताणा पडायचो आणि वर बघायचो. सगळं छप्पर माणसांचं. मी नावं ठेवली होती त्यांना. टोपीवाला. दोघी बहिणी. रडकी. तिथं, त्या कोपऱ्यात, मिशीवाला होता, त्याला मी सगळ्या गोष्टी सांगायचो. शाळेतल्या."

"मग?"

"मग काय. ऊन. दरवर्षी थोडी थोडी पुसट व्हायला लागली. एक दिवस रडकी गेली. मी घरात सांगितलं, रडकी गेली, तर आई म्हणाली, कोण रडकी? मग मी बोलायचंच बंद केलं. पुढं मी मोठा झालो आणि वर बघायचंही सोडून दिलं."

 "काका, माझ्याकडून बावीस काचा खरवडल्या गेल्या. मला वाटलं मळ आहे."

"कुठल्या बाजूच्या?"

"दक्षिणेच्या."

"त्या तर केव्हाच कोऱ्या झाल्या होत्या," काका म्हणाले. "दक्षिणेला सगळ्यात जास्त ऊन लागतं. तिथं कुणी नव्हतं आता." हे खरं होतं की तिची समजूत घालायला म्हटलं होतं, ते तिला कधीच कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

पण उरलेल्या काचांवरून त्यांचं जुंपलं. ती म्हणाली, त्या परत छपरावर घालायच्या नाहीत. घातल्या तर आहेत तेवढीही माणसं जातील. काका म्हणाले, छप्पर तसंच हवं.

"अहो, उन्हानंच गेली ना ती!"

"आणि तू काय करणार? अंधारात कोंडणार? माणूस दिसायला उजेड लागतो, पोरी."

"उजेडात ठेवलं तर दिसणारच नाही काही. नव्या काचा घालू छपराला. मी त्यांच्यावर…" ती अडखळली. ही गोष्ट तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला स्वतःलाही माहीत नव्हती. "मी त्यांच्यावर ही माणसं काढीन. काचेत कोरून. ती उन्हानं जाणार नाहीत."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तू म्हणजे हंसवालीच ना?"

ते लागलं. ती उठली, शिडी उचलली आणि कामाला लागली. सगळ्या काचा उतरवून होईपर्यंत त्या दोघांत चार शब्दही झाले नाहीत. शेवटची काच गाडीत ठेवताना काका मागं येऊन उभे राहिले. "एक करून दाखव," ते म्हणाले. "मग बघू."

तीनशेच्या वर काचा होत्या. ती आणि बाबा रोज दुपारी एकामागून एक काच मऊ ब्रशनं नुसत्या पाण्यात धुवायचे आणि काळ्या पेटीसमोर धरायचे. बहुतेक कोऱ्या निघाल्या. एकेचाळीस काचांत काहीतरी होतं, आणि त्याचंही एक गमतीदार कारण होतं. छपरावर एक काच दुसरीवर जिथं चढली होती, तेवढ्या चार बोटांच्या पट्टीला ऊन कमी लागलं होतं. त्यामुळे माणसं उरली होती ती तेवढ्या पट्टीपुरती. कुणाचे नुसते बूट. कुणाचे केस आणि कपाळ. एका काचेत खुर्चीचे पाय आणि त्यांच्यापाशी अनवाणी दोन पावलं, लहान, एकमेकांवर ठेवलेली. अख्खी म्हणावी अशी ती एकच, वेलीखालची भांगवाली बाई.

"बुटांचं दुकान म्हणायचं की केस कापायचं?" बाबा म्हणाले. पण ते ती अनवाणी पावलं कितीदा तरी पुन्हा काढून बघायचे.

तिनं कागद घेतला आणि सुरुवात केली. बूट होते त्यांच्यावर पाय काढले, पायांवर अंग, अंगावर चेहरा. कपाळ होतं त्याच्याखाली डोळे, नाक, ओठ. आठवडाभर ती काढत होती. हात चालत होता, आणि इतक्या वर्षांनी तो मान न काढता भलतंच काही काढतोय याचाच तिला आनंद होता. आठवड्यानं तिनं सगळे कागद पडवीत दोरीवर लावले आणि बाबांना बोलावलं.

बाबा दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले.

"छान आहेत," ते म्हणाले.

"खरं सांगा."

"सगळे आपल्याच नात्यातले दिसतायत गं. हा तुझा मामा. ही तर सरळसरळ तुझी आई. ही पण तीच. हाही, मिशी लावून."

तिनं बघितलं. प्रत्येक तोंडावर आईचं नाक होतं. ओळखीचे डोळे, ओळखीचे ओठ. नमुन्यांच्या वहीतून निघावेत तसे एकासारखे एक. ती रागावली नाही, नुसती खाली बसली. बाबाही शेजारी बसले, गुडघे कुरकुरले.

"तुला त्यांचे चेहरे माहीत नाहीत," बाबा म्हणाले. "मलाही नाहीत. त्या काकालाही आता आठवत नसतील. जे नाही ते कशाला काढतेस? आहे ते काढ की."

"आहे काय, बाबा? बूट!"

"मग बूट."

हे बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी तिनं पहिली काच पुन्हा पेटीला टेकवली, आणि बूट काय सांगतात ते बघत बसली. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. उजवा जरासा आत वळला होता, लाजल्यासारखा. फोटोसाठी ताठ उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांना मात्र ताठ राहायचं कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईच्या चपलेचा अंगठा बदलून नवा घातलेला होता. कपाळांचंही तसंच. एकाचे केस पाणी लावून बसवलेले, पण मागं एक बट उभीच. जे उरलं होतं त्यात इतकं काही होतं, की नसलेल्याची तिला घाई राहिली नाही. ती उरलेलं तेवढंच काढू लागली आणि बाकीची जागा मोकळी सोडू लागली. कागदावर मोकळी जागा बघून तिला आधी भीती वाटायची. आता ती जागा तिला भरलेली वाटायला लागली.

अडचण कोरण्याची होती. हंस काढायला तिच्याकडे वाळूचा झोत मारणारं यंत्र होतं. रबराचा साचा लावायचा, झोत मारायचा, हंस तयार. त्यानं बुटाची सुटलेली नाडी निघेना. निघायची ती दोरखंडासारखी.

"माळ्यावर चाक आहे," बाबा म्हणाले.

माळ्यावर खरंच चाक होतं. बाबांच्या तरुणपणीचं, शिवणयंत्राच्या लोखंडी पायट्यावर बसवलेलं. पायानं पायटा हलवायचा, पट्टा फिरायचा, वर बोटाच्या पेराएवढं दगडी चाक गरगरायचं. त्यावर काच घासणारी ओली कुरुंदाची पूड सोडायची आणि काच हातात धरून चाकाला टेकवायची. सगळं गंजलं होतं, पट्ट्याचं कातडं वाळून कडक झालेलं, एका सांध्यात कोळ्यानं संसार थाटलेला. चार दिवस दोघं त्याच्याच मागं होते. बाबा सांगायचे, ती सोडवायची. रॉकेलमध्ये भिजवून घासलं तशी पायट्यावरची नक्षीची लोखंडी वेल वर आली. पट्टा तिनं जुन्या पिशवीचा बंद कापून केला. पाचव्या दिवशी चाक फिरलं. आवाज किणकिणता, बारीक.

पण एकटीनं जमेना. पायाची लय सांभाळावी तर हात हलायचा, हाताकडे बघावं तर पाय चुकायचा. तिच्या दोन काचा वाया गेल्या.

"सरक," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून पायट्यासमोर बसले. "माझे हात गेलेत. पाय आहेत अजून जागेवर."

त्या दिवसापासून बाबा पायानं चाक चालवायचे आणि ती वर काच धरायची. बाबांच्या पायाला जुनी लय आठवत होती, सांगावं लागलं नाही. वळणावर आपोआप हळू, सरळ रेघेला जलद. दुपारभर ते दोघं तसे बसलेले असायचे, जवळजवळ डोक्याला डोकं लावून. पाणी थेंब थेंब पडायचं. काचेत दुधी रेघ उमटत जायची. कधी कधी बाबांना बसल्या बसल्या झोप लागायची, पण पाय चालूच राहायचे, आणि मग तिला वाटायचं की चाक कुणी फिरवत नाहीये, बुटांतला तो अनोळखी माणूसच काचेतून चालत बाहेर येतोय. दारावर गिऱ्हाईक येऊन हाका मारून परत गेल्याचं दोघांनाही उशिरा कळायचं.

पहिली काच तिनं नर्सरीत नेली. सुटलेल्या नाडीचे बूट, बाकी काच कोरी. काकांनी ती हातात घेतली, आकाशाकडे धरली, मग जमिनीकडे धरली. 

"बाकीचा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तेवढाच उरलाय, काका."

काका मान हलवत राहिले. मग काच तिच्या हातात देऊन कट्ट्यावर उताणे झोपले. सत्तरीचा माणूस, चपला घातलेल्या, ओल्या विटांवर. "वर धर," ते म्हणाले. "छपराएवढी उंच. अजून. हां."

ती शिडीवर चढली आणि काच डोक्यावर धरून उभी राहिली. हातांना रग लागली तरी काका बघतच होते. शेवटी म्हणाले, "बसव. सगळ्या बसव."

छप्पर पुरं व्हायला तीन महिने लागले. लोहारानं सांगाडा रंगवला, तिनं नवीन काचा चढवल्या, आणि त्यांत कोरलेल्या एकेचाळीस काचा मूळ माणसांच्या जागी. कुठली कुठं होती ते काकांनी सांगितलं, आणि सांगताना ते एकदाही अडले नाहीत. खऱ्या काचा कागदात गुंडाळून वाचनालयाच्या तळघरात गेल्या. वाचनालयाच्या बाई स्वतः येऊन त्या घेऊन गेल्या आणि काकांना म्हणाल्या, वाटेल तेव्हा या, काळं कापड लावून दाखवीन.

छप्पर झाल्यावर पहिल्या स्वच्छ सकाळी ती, बाबा आणि काका आत जाऊन उभे राहिले. ऊन चढलं तसं काचांतल्या दुधी रेघांच्या पुसट सावल्या खाली उतरल्या. नेच्यांच्या पानांवर बुटांच्या सावल्या पडल्या, विटांच्या वाटेवर कपाळं. सूर्य सरकत होता तशी पावलं हळूहळू पानांवरून चालत होती, एका कुंडीवरून दुसरीवर, अजिबात घाई नसलेल्या माणसांसारखी. ती दोन अनवाणी पावलं बाबांच्या हातावर आली. बाबांनी हात तसाच धरून ठेवला. तो थरथरत होता, म्हणून पावलंही जरा थरथरत होती. पुढं सरकून जाईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

 संध्याकाळी काकांनी दुकानात एक नेचा पाठवून दिला, आणि तो कुठं ठेवायचा, किती पाणी घालायचं, याच्या दोन पानी सूचना.

गोष्ट शहरात पसरली. लोक काचघर बघायला यायला लागले. आधी दोघं-तिघं, मग सुट्टीच्या दिवशी रांग. काकांना ते मुळीच आवडलं नाही, नेच्यांना धक्का लागतो म्हणून ते काठी घेऊन दारात बसायचे. आणि येणारा प्रत्येक जण आपलं माणूस शोधायचा. एक म्हातारी भांगवाल्या बाईखाली उभी राहून म्हणाली, "ही माझी आई." शेजारच्या गृहस्थांनी तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा, पण ही माझी आत्या आहे." भांगावरून दोघांचं चांगला अर्धा तास चाललं. आईचा भांग असाच होता, आत्याचा भांग असाच होता. शेवटी कळलं, दोघंही एकाच गल्लीत वाढले होते, तेव्हा ते कट्ट्यावर शेजारी शेजारी बसले आणि गल्लीच्या गोष्टी करत राहिले. एक बाई तर खुर्चीवर हक्क सांगून गेली. "माणसं नाही ओळखत मी," ती म्हणाली, "पण ही खुर्ची आमच्या घरातली आहे. हिचा मागचा पाय असाच वाकडा होता."

"कुणाचं खरं?" हंसवालीनं काकांना विचारलं.

"सगळ्यांचं," काका म्हणाले. "मोकळी जागा ठेवलीस ना तू. मग लोक येऊन बसणारच."

त्यानंतर तिनं नमुन्यांची वही गिऱ्हाइकांसमोर ठेवणं बंद केलं. हंस हवे असतील तर ती अजून करून देते, त्यात कमीपणा नाही. पण आता लोक तिच्याकडे भलतंसलतं घेऊन येतात. जुन्या दवाखान्याच्या दाराची काच, जिच्यावर बोटांनी ढकलून ढकलून एक धुरकट वर्तुळ उमटलंय. बंद पडलेल्या बसची पाटी, जिच्यावरची अक्षरं अर्धी गेलीयत. "ताई, टाकवत नाही," ते म्हणतात. "यातून तुम्हाला काही सुचतंय का बघा." कधी सुचतं, कधी नाही. नाही सुचलं तरी ती वस्तू धुते, पुसते, आणि काही दिवस पडवीत डोळ्यांसमोर ठेवते.

गेल्या आठवड्यात एक शिंपी दुकान मोडायला निघाला, तेव्हा त्यानं तिला बोलावलं. कापड बेतायचं त्याचं लाकडी टेबल होतं, आजोबांपासूनचं, आता न्यायला कुणी नाही. ती आणि बाबा गेले. टेबलावर खडूची पूड मुरली होती आणि कात्रीच्या टोकांनी पडलेले हजारो ओरखडे होते, एकावर एक, इतके की लाकूड कुठं आणि ओरखडा कुठं हे कळत नव्हतं.

तिनं पिशवीतून मोठा पातळ कागद काढला आणि टेबलावर अंथरला. बाबांनी त्यावर दोन्ही कोपरं रोवली, सरकू नये म्हणून. तिनं काळा मेणाचा खडू आडवा धरला आणि हलक्या हातानं घासायला सुरुवात केली. आधी नुसतं काळं झालं. मग त्या काळ्यातून पांढरी एक बाही वर आली. मग गळ्याचं गोल. मग दुसरी बाही, लहान मुलाची, मोठ्या बाहीच्या आत.

"बघ," शिंपी पुटपुटला, "अरे, बघ," आणि कुणाला सांगतोय हे त्यालाही माहीत नव्हतं.

"जरा इकडून दाबा, बाबा," ती म्हणाली, आणि खडू पुढं सरकवत राहिली.